अभिप्रायाच्या वहीतलं मराठी पान

आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळात दर वर्षी मला नोकरीतल्या आठवणी सांगायला बोलावतात. माझ्या चार-पाच गोष्टी ठरलेल्या आहेत. दागिन्यांच्या दुकानातली चोरी, मोटारींचे सुटे भाग विकणारी टोळी, मांडवातून पळालेला नवरदेव. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, मग जेवण होतं. एक प्रकरण मात्र मी कधीच काढलं नाही. "ती सिनेमा हॉलवाली केस तुमच्याच ठाण्याची ना?" असं कोणी विचारलं, तर "फार जुनी गोष्ट, सोडा" म्हणून मी विषय बदलत आलो. विसरलो म्हणून नव्हे. त्या पाच दिवसांतलं सगळं मला अजून लख्ख दिसतं, अडचण तीच होती. आता ऐंशी ओलांडली आहे आणि ज्यांच्यासमोर मान खाली गेली असती ते कोणी राहिलेले नाहीत. म्हणून लिहितो. नाव कोणाचंच लिहीत नाही. माझी चूक सांगायला इतरांच्या नावांची गरज नाही.

मी तेव्हा मध्य दिल्लीतल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. ठाण्यात मराठी मी एकटाच, त्यामुळे सगळे मला 'मराठा' म्हणत. रोजनामचा, तफ्तीश, मालखाना हे ठाण्यातले हिंदी शब्द माझ्या तोंडात इतके बसले होते, की बायको म्हणायची, "घरात तरी मराठी बोला, ठाणं दारात ठेवून या."

आई गेल्यावर माझे वडील, म्हणजे अण्णा, गावाहून आमच्याकडे राहायला आले. ते प्राथमिक शाळेतले गुरुजी. मी फौजेत जावं ही त्यांची फार इच्छा. मी दोनदा भरतीला उभा राहिलो आणि दोन्ही वेळा छाती बोटभर कमी भरली. पुढे दिल्लीत पोलिसात लागलो. गावाकडे अण्णा लोकांना सांगत, "मुलगा दिल्लीला सरकारी नोकरीत आहे." कोणत्या, ते सांगत नसत.

दिल्लीत त्यांना मंडळाच्या गणपतीत एक निवृत्त सुभेदार भेटले. आमच्या गावापासून दोन कोसांवरचे. बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी यांच्याबरोबर ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहत. अण्णा रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर बागेत बसू लागले, आणि आमच्या घरात रोज रात्रीच्या जेवणाला सुभेदार येऊ लागले. म्हणजे स्वतः नव्हे, अण्णांच्या तोंडून.

"आज आम्ही एक अख्खी टोळी पकडली, अण्णा," मी एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणालो.

"बरं झालं," म्हणून अण्णा माझ्या बायकोकडे वळले. "सूनबाई, लढाईत सुभेदारसाहेब तीन दिवस नुसत्या चण्यांवर होते. तीन दिवस!"

"मीही काल दिवसभर कोर्टात उपाशी होतो," मी म्हणालो.

"कोर्टात कँटीन असतं की," अण्णा म्हणाले.

हसण्यासारखंच होतं, आणि बायको हसलीही. मला हसू आलं नाही. चाळिशीतल्या माणसाला वडिलांच्या मित्राचा मत्सर वाटतो, हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

त्या हिवाळ्यात एक नवा युद्धपट लागला. आमच्या हद्दीतल्या हॉलमध्ये तिकिटं मिळत नव्हती. मॅनेजरने ठाण्याला पास दिले, त्यातले दोन मी घेतले आणि अण्णांना घेऊन गेलो. अण्णा शेवटची वीस मिनिटं रडत होते. परतताना स्कूटरवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस, मला आणलंस." मोठा झाल्यापासून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. थंडी कडाक्याची होती, तरी मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ते बागेतून परतले ते गप्पच. चप्पल काढता काढता म्हणाले, "तो सिनेमा खोटा आहे."

"काल तर तुम्ही रडलात."

"रडलो. मला माहीत नव्हतं. सुभेदारसाहेब लढाईत सिनेमातल्या त्याच चौकीवर होते. ते म्हणतात खोटं आहे, म्हणजे खोटंच."

अण्णांना मी इतक्या वर्षांत एकच गोष्ट दिली होती आणि त्या माणसाने ती चोवीस तासांत काढून घेतली, असं मला वाटलं. माझ्या त्या दिवशीच्या भावनेला दुसरं नाव नाही.

त्या सिनेमावरून सगळीकडे वाद चालू होते. मंडळातही कोजागरीची राहिलेली सभा बाजूला पडून त्याचीच चर्चा झाली. मंत्रालयातले एक अधिकारी म्हणाले, हा शाळाशाळांतून दाखवला पाहिजे. एक वहिनी म्हणाल्या, "गोळ्या सुटतायत आणि हा गातोय काय, यार!" एका तरुण कारकुनाच्या मते नुसत्या फायरिंगने तिकिटाचे पैसे वसूल होत होते. सुभेदार शेवटी बोलले. सिनेमात चौकीवरचा वायरलेसवाला सेट टाकून पळतो असं दाखवलं आहे, तो पळाला नव्हता, जागीच गेला, एवढंच त्यांचं म्हणणं.

"सुभेदार, तुम्हाला सिनेमात घेतलं नाही म्हणून राग आलाय का?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"मला घेतलं असतं तर तुम्ही तिकीटच काढलं नसतं," सुभेदार म्हणाले आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसले.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. ते मला 'फौजदार' म्हणत, आपल्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे. "फौजदार, नोएडाला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची जागा मिळाली आहे. एक तारखेला हजर व्हायचंय. चारित्र्य पडताळणीचा कागद तुमच्या ठाण्यात येईल. जरा लवकर धाडा. पेन्शनीत खोलीचं भाडं आणि पोरीचं कॉलेज दोन्ही बसत नाही."

"अरे, बिल्कुल. आला की लगेच," मी म्हणालो.

त्या सिनेमा हॉलच्या लॉबीत मॅनेजरने टेबलावर एक जाड वही ठेवली होती आणि तिला दोरीने पेन बांधलं होतं. प्रेक्षकांनी आपला अभिप्राय लिहावा, ही त्याची कल्पना. खेळ सुटला की वहीपुढे रांग लागे. सुभेदारांनीही एक दिवस त्यात मराठीत पानभर लिहिलं. त्याशिवाय दोन-तीनदा ते बाहेर पडणाऱ्या लोकांना थांबवून वायरलेसवाल्याबद्दल सांगत होते, त्यावरून एकदा बाचाबाची झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सातच्या सुमारास हॉलची दर्शनी काचपेटी फुटली. सिनेमाचे फोटो लावतात ती. आवाज ऐकून म्हातारा चौकीदार चहाच्या टपरीवरून धावत आला, पळणाऱ्या माणसाने त्याला ढकललं आणि तो काचांवर पडला. डोक्याला टाके पडले. जबाबात तो म्हणाला, "शकल नहीं देखी साहब, कोहरा था. फ़ौजी कोट था."

दुपारपर्यंत खबर आली. हॉलसमोरचा पानवाला आमचा जुना मुखबिर, म्हणजे खबऱ्या. तो म्हणाला, "वो बुड्ढा सूबेदार है ना, जो फिल्म को झूठा बोलता है? रोज़ फ़ौजी कोट में आता है।" खरं तर दिल्लीच्या थंडीत करोल बागच्या फुटपाथवर जुने फौजी कोट ढिगाने विकतात. त्या दिवशी मी ठाण्याच्या दारात उभा राहिलो असतो तर दहा मिनिटांत तसे वीस कोट मोजले असते. पण येत्या रविवारी एक मंत्री सिनेमा बघायला येणार होते, आणि आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना वरून दोनदा फोन आला होता. अशा वेळी ठाण्याला गुन्हेगारापेक्षा नावाची घाई असते.

हॉलची वही जप्त होऊन आली. हिंदी, इंग्रजी, गुरुमुखी, सगळ्यांची पानं वाचून झाली. एक पान उरलं.

"मराठे, ये तेरी भाषा है। तर्जुमा लगा," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले.

मी वही घेऊन माझ्या टेबलावर बसलो. अक्षर मोठं आणि सरळ होतं. वरच्या भागात राग होता. हा सिनेमा खोटा आहे, मेलेल्या शिपायाला पळपुटा ठरवणारा असला सिनेमा फाडून टाकला पाहिजे, असं लिहिलं होतं. मग एक ओळ सोडून खाली आणखी सहा ओळी होत्या. त्या मला पाठ आहेत.

'हे मी रागात लिहिले. सिनेमा बंद करा असे माझे म्हणणे नाही. माझे परममित्र गुरुजी हा सिनेमा बघून रडले, त्यांचे अश्रू मी खोटे म्हणणार नाही. ज्यांना आवडला त्यांना आवडू द्यावा. वायरलेसवाल्याची आई गावी हयात आहे, तिच्यासाठी शेवटी एक पाटी दाखवावी की तो पळाला नव्हता. मॅनेजरसाहेबांना हात जोडून विनंती.'

'परममित्र गुरुजी' या शब्दांवर मी थांबलो. ते रडणं माझं होतं. माझ्या पासावर, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून अण्णा रडले होते, आणि ते या माणसाने वहीत आपल्या नावे लिहून टाकलं होतं.

मी कोरा कागद घेतला. वरच्या भागाचा हिंदी तर्जुमा, म्हणजे अनुवाद, शब्दाला शब्द लावून केला. 'फाड़ देनी चाहिए' यापाशी थांबलो, पूर्णविराम दिला आणि खाली लिहिलं, 'तर्जुमा सही है', आणि सही केली. या कामाला दहा मिनिटंही लागली नाहीत. अक्षरं नागरीच होती, पण त्या ठाण्यात ते मराठी समजणारा दुसरा कोणी नव्हता.

सुभेदारांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट आणि तोच कोट घालून आले. पडताळणीच्या कागदासाठी बोलावलंय असं त्यांना वाटलं होतं.

"सूबेदार, सुबह सात बजे कहाँ थे?" इन्स्पेक्टरसाहेबांनी सुरुवात केली.

"घर पे, साहब। चाय पी रहा था।"

"गवाह?"

"घरवाली।"

"घरवाली तो सबकी गवाह होती है। फ़ौजी होके फ़ौज की फिल्म से क्या दुश्मनी है?"

"दुश्मनी नहीं है साहब। वायरलेस वाला भागता दिखाया है। वो भागा नहीं था।"

"तुझे क्या पता?"

"उसकी आँखें मैंने बंद की थीं।"

इन्स्पेक्टरसाहेबांनी माझा कागद पुढे केला. "ये लिखा है ना? फाड़ देनी चाहिए?"

"लिखा है। पर नीचे और भी लिखा है।" सुभेदार माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "फौजदार, तुम्ही वाचलंय ना सगळं?"

"क्या बोल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं जी," मी म्हणालो. "जान-पहचान निकाल रहा है।"

मी एवढंच म्हणालो. सुभेदारांनी ते ऐकलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. साहेबांसमोर मला ओळख दाखवता येत नसेल, असं त्यांनी समजून घेतलं असावं. खालच्या ओळींचं मी सांभाळून घेईन असं धरून त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

गुन्हा सिद्ध करण्याइतका पुरावा नसतो, पण माणसाला चार दिवस बाजूला ठेवायचं असतं, तेव्हा शांतताभंगाच्या शक्यतेचा एक कागद करतात. दिल्लीच्या ठाण्यांत त्याला कलंदरा म्हणतात. तसा कलंदरा झाला. दंडाधिकाऱ्यांनी माझा तर्जुमा वाचला आणि स्थानिक जामीनदार मागितला. मंडळातल्या लोकांनी 'सरकारी नोकरी आहे हो' म्हणत माना फिरवल्या. अण्णा माझ्याकडे आले. "मी जामीन राहतो. कुठे सही करायची सांग."

"तुमचं दिल्लीत काही नाही, अण्णा. चालत नाही तसं."

"मग तू काहीतरी कर. तू फौजदार ना?"

आयुष्यात पहिल्यांदा ते मला फौजदार म्हणाले. "कायद्याप्रमाणे होईल," मी म्हणालो. सुभेदार चार दिवस तुरुंगात राहिले.

पाचव्या दिवशी आमचा बीटचा शिपाई गल्लीतल्या एका न्हाव्याकडे केस कापायला गेला आणि अर्धे केस कापलेल्या अवस्थेत ठाण्यात धावत आला. न्हाव्याच्या आरशाभोवती त्या सिनेमाचे अकरा मोठे फोटो लावलेले होते, कोपऱ्यांवर टाचण्यांची भोकं होती आणि एकावर काचेचा ओरखडा होता. न्हावी तिशीतला, सिनेमाने वेडा झालेला. नऊ वेळा बघितला होता. त्याच वेडात त्याने फुटपाथवरून फौजी कोट घेतला होता. रडत म्हणाला, "फिल्म एक दिन उतर जाती साहब, फोटो कबाड़ में जाते। मैंने सोचा मैं रख लूँ। चाचा को लगी, ये मैंने नहीं चाहा था।"

मी मालखान्यातून, जप्त मुद्देमालाच्या खोलीतून, वही काढली. त्याचं नाव नऊ पानांवर होतं. 'ऐसी फिल्म न बनी न बनेगी.' आम्ही सगळ्यांनी ती वही शत्रू शोधण्यासाठी वाचली होती, स्तुतीची पानं कोणी पाहिलीच नाहीत. आणि पंचनाम्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं की फोटो गायब आहेत. ज्याला सिनेमाचा राग आहे तो फोटो जागेवर फाडतो, काळजीने टाचण्या काढून घरी नेत नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. खरं लिहायचं तर कळलं होतं. मी ते मनात पुढे जाऊ दिलं नाही.

सुभेदार सुटले. त्याच आठवड्यात कारखान्याचा पडताळणीचा कागद आला. त्यात एक रकाना होता, 'कधी अटक झाली होती काय?' तिथे 'होय' लिहिण्यावाचून इलाज नव्हता. मी शेऱ्याच्या जागी लिहिलं की इसम निर्दोष आढळला, खरा आरोपी सापडला आहे. इन्स्पेक्टरसाहेबांकडे हट्ट धरून त्याच दिवशी सही घेतली. पण असले कागद बघणारा माणूस 'होय'पर्यंतच वाचतो. जागा दुसऱ्याला मिळाली. दोन महिन्यांनी सुभेदारांनी खोली सोडली, मुलीचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं आणि ते तिघं गावी गेले.

अण्णा त्यानंतर बागेत जाईनासे झाले. संध्याकाळी माझी वाट बघत बसत. एके दिवशी म्हणाले, "तुझी चूक नाही. तू हुकमाचा ताबेदार. तरी तू होतास म्हणून खरा चोर सापडला." मग हळूहळू मला विचारायला लागले, आज काय झालं, कोणाला पकडलं, त्याने काय सांगितलं. मला जे हवं होतं ते मिळालं. पुढे सहा वर्षं अण्णा माझ्या गोष्टी ऐकत होते आणि प्रत्येक वेळी ते विचारायला लागले की मला वहीतलं ते पान आठवायचं. ते गेले तेव्हाही त्यांना काही माहीत नव्हतं.

तपासात माणूस खोटं बोलला तर ते पकडता येतं, त्याच्या दोन जबाबांत फट सापडते. पण जो खरं तेवढंच लिहितो आणि अर्ध्यावर थांबतो, त्याला पकडणं फार अवघड असतं. माझ्या तर्जुम्यात एक शब्द खोटा नव्हता. नंतरच्या नोकरीत माझ्यापुढे कोणताही कागद आला तर मी आधी मूळ कागद मागायचो, आणि तो लिहिणाऱ्याचं, ज्याच्याविषयी लिहिलंय त्या माणसाशी, काय आहे ते बघायचो. माझ्या हाताखालच्यांना वाटायचं, साहेब फार संशयी. मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही. लोक म्हणतात मत्सराने माणूस वाटेल ते करतो. माझा अनुभव वेगळा आहे. मला काही करावं लागलं नाही, फक्त सहा ओळींचा तर्जुमा न करता उठावं लागलं.

सुभेदार गेल्याचं मला मंडळातूनच कळलं. त्याआधी मी त्यांना एकदाच भेटलो होतो, निवृत्तीनंतर, मुद्दाम त्यासाठी गावी जाऊन. एसटीत सबंध वाटभर मी वाक्य जुळवत होतो. अंगणात ते खाटेवर बसले होते, गुडघे गेलेले, नजर मात्र तशीच सरळ. मला बघून उठायला लागले, मीच त्यांना बसवलं.

"गुरुजी गेले ते कळलं," ते म्हणाले. "फार भला माणूस."

"हो. सुभेदारसाहेब, मला त्या वेळचं तुमच्याशी..."

"त्या वेळचं मी विसरलेलो नाही, फौजदार," त्यांनी माझा हात धरला. "मी इथे सगळ्यांना सांगतो. त्या ठाण्यात आपला माणूस होता म्हणून माझ्या अंगाला कोणी बोट लावलं नाही. नाहीतर फौजी म्हाताऱ्याला दिल्लीत कोण विचारतो? माझं ते पान तुम्हीच साहेबांना शेवटपर्यंत समजावून सांगितलं असणार. त्याशिवाय सुटलो नसतो."

सुभेदारवहिनी चहा घेऊन आल्या. पदर सावरून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी मागे सरकलो, पण तोवर त्या उठल्या होत्या. मुलीला त्यांनी बाहेर हाक मारली, "अगं, बघ कोण आलंय." ती आली, तिनेही नमस्कार केला. माझा हात अजून सुभेदारांच्या हातात होता. एसटीत जुळवलेलं वाक्य लहान होतं, 'सुभेदारसाहेब, तुम्हाला मी आत टाकलं, मला क्षमा करा.' ते तिघं माझ्याकडे बघत होते. मी कप उचलला.

"चहा छान झालाय, वहिनी," मी म्हणालो.